शेजारचं तिकीट

रविवारी सकाळी दवाखाना बंद ठेवून डॉक्टर वाचनालयाच्या माडीवर जायचे. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि रविवारी भिंग लावून पोस्टाच्या तिकिटांच्या कडांवरचे दाते न्याहाळायचे, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही दातांपासून सुटका नाही, अशी त्यांची मुलगी चेष्टा करायची. मुलगीही त्याच धंद्यातली. दवाखाना आता खरं तर तीच चालवत होती. बाबांसाठी तिने त्यांचे जुने, चिवट पेशंट तेवढे सोडले होते, कारण ते दुसऱ्या कोणापुढे तोंड उघडायला तयार नसत.

माडीवर तिकीट जमवणाऱ्यांचं मंडळ भरायचं. 'भरायचं' हे आपलं सवयीने म्हणायचं. भिंतीला घडीच्या खुर्च्यांची रांग टेकवलेली असायची आणि त्यातल्या जेमतेम चार उघडल्या जायच्या. त्या रविवारी विषय होता मंडळ बंद करण्याचा.

"आता पोस्टाने आपल्यावरच एक संच काढावा," खजिनदार म्हणाले. "नामशेष होत चाललेले प्राणी म्हणून." खजिनदार मिश्किल माणूस. मंडळाच्या खजिन्यात खडखडाट असल्याने त्यांना विनोद करायला भरपूर वेळ मिळायचा.

"हल्ली पत्र लिहितं कोण? माझा नातू तिकिटाला स्टिकर म्हणतो," दुसरं कोणी म्हणालं. "आणि पोस्टात गेलं तर ते तिकीटच लावत नाहीत. यंत्रातून एक पट्टी काढतात आणि चिकटवतात."

 डॉक्टरांच्या दृष्टीने हा नुसता मंडळाचा प्रश्न नव्हता. दवाखान्यामागच्या खोलीत त्यांचे अल्बम छतापर्यंत रचलेले होते आणि मुलीला त्या खोलीत एक्स-रे मशीन बसवायचं होतं. भांडण झालं नाही. डॉक्टरांनी स्वतःच कबूल केलं होतं की महिनाअखेरपर्यंत हे सगळं पुढे चालवणारं कोणी भेटलं नाही तर लिलाववाल्याला बोलवायचं. कबूल केलं खरं, पण तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कदाचित शेवटचीच बैठक म्हणून ते आपला सगळ्यात पहिला, लहानपणचा अल्बम सोबत घेऊन आले होते.

खजिनदार मतदान घ्यायच्या बेतात असताना जिना वाजला आणि एक बाई वर आल्या. कोपऱ्यावर चित्रांच्या चौकटी करून देण्याचं दुकान होतं, ते त्यांचं. हाताला सरस आणि लाकडाच्या भुशाचा वास, काखेत निळ्या कापडी बांधणीचा अल्बम.

"इथे तिकिटांचं कळतं म्हणे. एका जुन्या कपाटाच्या खणात हा मिळाला. टाकवेना म्हणून ठेवला. रोज दुकान उघडायच्या आधी दोन-चार पानं बघते. आवडायला लागलंय. मंडळात यायचं असेल तर काय करावं लागतं?"

चौघांनी एकदम खुर्ची उघडायला धाव घेतली. खजिनदारांचं बोट खुर्चीत चेमटलं, तरी ते हसत होते. डॉक्टरांना तर आनंद मावेना. त्यांनी अल्बम पुढ्यात ओढला, भिंग लावलं आणि पहिलं पान उघडलं.

दुसऱ्या तिकिटावर ते थांबले.

जहाजाचं साधं तिकीट होतं. बाजारात कोणी हिंग लावून विचारणार नाही असं. पण त्याच्या डाव्या कडेला, खालून तिसरा दाता इतरांपेक्षा लांब होता; शेजारच्या तिकिटाचा तुकडा घेऊन आलेला.

इथे डॉक्टरांच्या ताईबद्दल सांगायला हवं. डॉक्टरांचे वडील कचेरीतून रिकामी पाकिटं आणायचे. एखाद्यावर एकमेकांना जोडलेली दोन तिकिटं असली की ताई ती पाण्यात भिजवून सोडवायची, वाळवायची, मधल्या भोकांच्या रेघेवर घडी घालायची, घडीवरून जिभेचं टोक फिरवायची आणि हलकेच ओढायची. "एक तुझं, एक माझं." ओलं केलं की दाते न तुटता सुटतात, ही युक्ती तिला कोणी शिकवली होती देव जाणे. धाकट्याला एवढा धीर कुठला? जहाजाची जोडी त्याने तिच्या हातातून ओढून घेतली आणि कोरडीच फाडली. त्याच्या जहाजाचा एक दाता तिच्या जहाजाकडे गेला. "बरं झालं," ताई म्हणाली होती. "आता मोठा झालास की माझ्याकडे येऊन दात बसवून घे."

ती अकरा वर्षांची असताना तापाने गेली. तिच्या सगळ्या वस्तू आईने एका दुपारी घरातून हलवल्या. कुठे, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. डॉक्टर मग एकट्यानेच तिकिटं जमवत राहिले, आणि ती का जमवतात हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. छंद आहे, एवढंच म्हणायचे.

त्यांनी आपल्या अल्बममधलं जहाज चिमट्याने उचललं आणि या जहाजाशेजारी सरकवलं. लांब दाता खाचेत जाऊन बसला. मधली रेघ दिसेनाशी झाली.

"ताईचा आहे," ते म्हणाले आणि भर मंडळात हुंदके देऊन रडले. चौकटवाल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं. "मग तुम्हीच न्या हो. बहिणीची वस्तू तुमच्याकडेच हवी."

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

डोळे पुसून डॉक्टर पानं उलटू लागले. ताईच्या वाटणीची तिकिटं तीन-चार पानांत संपायला हवी होती. ती संपली नाहीत. पुढच्या पानावर दीपगृह होतं. ते डॉक्टरांना वसतिगृहात असताना मित्राच्या पाकिटावर मिळालं होतं. त्याच्या पुढे पक्षी. ते बायकोच्या लग्नाआधीच्या पत्रावरचं. मग घड्याळाचा मनोरा, मग सायकल, मग फुलदाणी. क्रमही तोच. जणू त्यांचाच अल्बम कोणीतरी शेजारी बसून भरला होता.

"असतील की," खजिनदार म्हणाले. "एका वेळी लाखो तिकिटं छापतात. एकसारखी असणारच."

डॉक्टर पानं उलटत राहिले. शेवटच्या भरलेल्या पानावर फुलपाखरू होतं. त्यांचं फुलपाखरू याच महिन्यात एका पेशंटच्या पार्सलवरून काढलेलं, मंडळात दाखवायचं म्हणून खिशातल्या पाकिटात होतं. ते काढून त्यांनी शेजारी ठेवलं. वरचा एक दाता आखूड, त्याला समोरचा एक लांब. बेमालूम बसलं.

"दाते यंत्राने पाडतात, डॉक्टर. सगळे सारखेच असतात."

"भोकं सारखी असतात. फाटणं सारखं नसतं." आयुष्यभर माणसांचे दात पाहिलेला माणूस बोलत होता. 

"हा तुमच्याकडे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

"झाली की दोन वर्षं."

"हे तिकीट याच वर्षी निघालंय. तुम्ही लावलंत?"

"मी? मला तो चिमटासुद्धा धरता येत नाही." बाई गोंधळून पानाकडे बघत राहिल्या. "मला वाटायचं, आधीच असतील. पानं काय मोजलीत थोडीच. पण एक आहे... मला नेहमी वाटायचं की हा संपत कसा नाही."

डॉक्टरांना काय वाटत होतं, ते त्यांना धड सांगता आलं नसतं. भीती वाटत होती का? थोडीशी. पण त्याहून जास्त डोक्याचा पार गुंता झाला होता. ते सरळ हिशेबाचे गृहस्थ. दात दुखतो म्हणजे कुठेतरी कीड असते, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. त्यांनी अल्बम नेला नाही. "आठवडाभर तुमच्याकडेच ठेवा," ते म्हणाले. "पण उघडू नका. बांधून ठेवा."

दुसऱ्या दिवशी ते पोस्टात गेले आणि गोंदवाल्या तिकिटांचं अख्खं पान मागितलं. खिडकीवरच्या कारकुनाने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि बराच वेळ खणात शोधाशोध करून एक पान काढलं. झाडाच्या चित्राचं. "पाठीला गोंद असलेली आता कोणी नेत नाही. तुम्हाला कशाला हवीत?"

"जमवतो."

"अजून?"

दवाखान्यात आल्यावर त्यांनी पानाच्या ऐन मधलं एक तिकीट फाडलं. मुद्दाम कोरडंच, लहानपणी फाडायचे तसं, दाते तोडत. ते आपल्या अल्बममध्ये लावलं. उरलेलं पान, मध्ये एकच चौकोनी खिडकी पडलेलं, हत्यारांच्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या जुडग्यात. दुसरी किल्ली नव्हतीच. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, मुलीलाही नाही.

तो आठवडा कसा गेला, विचारू नका. ते जेवताना मध्येच थांबत. नमस्कार करणाऱ्याकडे नुसते बघत राहत. एकदा एका म्हातारबुवांचा दात काढायला त्यांनी पकड लावली आणि मुलीने मागून त्यांचा हात धरला.

"बाबा, हा नाही. शेजारचा."

म्हातारबुवा गेल्यावर ती जवळ येऊन बसली. "खोलीचं एवढं लावून घेतलंय का? तसं असेल तर राहू द्या. मशीन नंतर बघू."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

त्यांना सांगायचं होतं. ताई नावाची तुझी एक आत्या होती, इथून सुरुवात करावी लागली असती. ते नुसते तिच्या पाठीवरून हात फिरवून उठले.

रविवारी मंडळात सगळे वेळेआधीच हजर होते. बाईंनी अल्बम तसबिरी बांधतात तसा जाड कागदात गुंडाळला होता, वर सुतळी, गाठींवर चिकटपट्टी. पट्टी कुठे उचकटलेली नव्हती. खजिनदारांनी ती स्वतः तपासली आणि कात्रीने कापली.

डॉक्टरांनी शेवटचं भरलेलं पान उघडलं.

फुलपाखराच्या पुढे झाड होतं.

 डॉक्टरांनी आपलं झाड शेजारी ठेवलं. त्यांच्या धसमुसळेपणाने तुटलेला प्रत्येक दाता पलीकडे शाबूत होता, आणि जिथे त्यांचा लांब होता तिथे पलीकडे खाच होती.

"कुठून आणलंत हे तिकीट?" खजिनदारांनी विचारलं.

"पोस्टातून. याच्या शेजारचं माझ्या कपाटात आहे." ते अडखळले. "म्हणजे असायला हवं."

बाईंनी अल्बम मिटला आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे सरकवला. "न्या तुम्ही. मला माझ्या दुकानात नको."

त्या जिना उतरून गेल्या. त्यांच्यासाठी उघडलेली खुर्ची मिटायला कोणी पुढे झालं नाही.

डॉक्टर दोन्ही अल्बम छातीशी धरून निघाले. बाहेर लख्ख ऊन होतं, लोक भाजी घेत होते, कोणी सायकलची चाकं धूत होतं. ताई असती तर आता कशी दिसली असती, हा विचार त्यांच्या मनात आला. केस पिकले असते. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आली ती फ्रॉकातली, जीभ किंचित बाहेर काढून घडीवर वाकलेली अकरा वर्षांची ताई. तिला एकदा बघायला मिळालं असतं तर त्यांनी हवं ते दिलं असतं. आणि तरीही दवाखान्याचं दार लोटण्याआधी ते पायरीवर जरा थांबले.

मुलगी मागच्या खोलीत टेप लावून भिंत मोजत होती. "आलात? काय ठरलं मंडळाचं?"

डॉक्टरांनी कपाटाचं कुलूप काढलं. कुलूप नेहमीसारखंच थोडं अडखळून उघडलं. हत्यारं जागच्या जागी होती. त्यांनी पान बाहेर काढून उजेडात धरलं.

खिडकी एक नव्हती. दोन होत्या, शेजारी शेजारी, मध्ये काही नाही.

डावीकडची त्यांची. वेडीवाकडी, दाते तुटलेली.

उजवीकडची नीटस होती. एकही दाता तुटला नव्हता.

"बाबा, मी काय विचारतेय? लिलाववाल्याला कळवू का? पुढे चालवणारं कोणी भेटलं नाही ना?"

"भेटलं," डॉक्टर म्हणाले.

"अरे वा! कोण?"

त्यांनी उजवीकडच्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. कपाट कोरडं ठणठणीत होतं, पान कोरडं होतं. ती कड मात्र अजून ओली होती, आणि किंचित कोमट.