गच्चीवरची परीक्षा

विलास उजागरेंनी मुलाला नव्या फ्लॅटची किल्ली डीलरकडून आणायला नोएडाला पाठवलं, तेही टोमणा मारूनच.

"कॉलेज सोडलंयस, वेळच वेळ आहे तुला. परीक्षेला बसवत नाही, निदान बसमध्ये तरी बस."

"रोज प्रभूच्या प्रार्थनेत तुम्हीच मागता ना पप्पा, आम्हाला परीक्षेत आणू नको म्हणून?" नचिकेत म्हणाला. "माझ्या बाबतीत ऐकलं त्याने."

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये एरवी एवढ्यावर चप्पल उडाली असती. विलासराव मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, चर्चमध्ये पंच. मोह कसा टाळावा यावर तासभर बोलायचे, ऐकणाऱ्याची पाठ मोडेपर्यंत. पण फ्लॅट बुक केल्यापासून प्रार्थनेतलं ते वाक्य आलं की त्यांची जीभ त्याच्यावरून घसरून पुढे जायची. गुडघे टेकणंही बंद झालं होतं. सांधे धरलेत, म्हणायचे. आई, सुनंदा, त्यांच्या पँटच्या गुडघ्यांवरचं सिमेंट ब्रशने घासायची. "कुठे रांगत होतात हो?" विचारायची. आणि दुसऱ्या दिवशी तेच डाग पुन्हा ओले.

मे महिन्याची दुपार. नचिकेत बसमधून उतरला तर सेक्टरभर फक्त लूचा कढत वारा आणि अर्धवट इमारती. उद्याची दिल्ली इथेच उभी राहणार, असं पप्पा सगळ्यांना सांगत फिरत. आज तिथे कुत्रंही नव्हतं. लिफ्टच्या जागी काळा खड्डा होता, आणि त्यातून गार वारा वर येत होता. ओल्या सिमेंटच्या वासाचा.

"आ जाओ बेटा, ऊपर!" वरून हाक आली.

गच्चीवर डीलर उभा होता. सफारी सूट, कमरेला पेजर, कपाळावर घामाचा थेंब नाही. आत्ता हिंदीत हाक मारणारा हा माणूस समोर येताच मराठी बोलू लागला... तीही चर्चमधली, जुनी, छापील मराठी.

"पाहा," त्याने हात फिरवला. फ्लॅट, रस्ते, लांबवर चमकणाऱ्या गाड्या. "तुझ्या पित्याला हे हवे होते. दिले. तुला मात्र यातले काही नको... पित्याने तुझ्यापुढे मान खाली घालावी, एवढेच हवे. होय ना?"

नचिकेत एक पाऊल पुढे आला. हेच. अगदी हेच. चर्चच्या दारात, पाहुण्यांसमोर, जेवणाच्या ताटावर पप्पांकडून ऐकलेला प्रत्येक शब्द वसूल करायचा होता त्याला.

"काय करायचं?"

"गुडघे टेक. इतकेच."

पायाशी सिमेंटचा ओला चौकोन होता. लू अंगाची सालं काढत होती, तरी तो वाळत नव्हता. त्यात दोन खळगे उमटलेले...

"ते तुझ्या पित्याचे. शेजारची जागा तुझी."

पाय वाकायला लागले. खरंच लागले. नचिकेतला देव आठवला नाही, शास्त्रातलं एकही वचन आठवलं नाही. आठवला तो सकाळचा टोमणा, आणि त्याचं डोकं फिरलं.

"मी परीक्षेला बसत नाही," तो ओरडला. "सोडलंय मी!"

आणि ताठ पायांनी मागे सरकून जिन्याकडे धावला. मागून कोणी आलं नाही. फक्त पेजर वाजला... एकदाच.

घरी विलासराव दारातच उभे होते.

"किल्ली?"

"नाही आणली. तुमच्यासारखे गुडघे टेकले नाहीत मी."

तो थपडेची वाट पाहत राहिला. थप्पड आली नाही. विलासरावांचे ओठ हलले, आणि मग हळूहळू, कुणीतरी मानेवर हात ठेवून दाबावं तशी, त्यांची मान खाली गेली. खालीच राहिली.

"पप्पा... वर बघा. अहो, टेकले नाहीत म्हणतोय ना मी!"

बाथरूममधून आई ब्रश घेऊन बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाच्या जीन्सकडे.

"काढ ती," ती थकून म्हणाली. "तूही रांगून आलास?"

नचिकेतने खाली पाहिलं नाही. गुडघ्यांना गार, ओलं लागतच होतं.