चढावरच्या दोन शिट्या

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. साल १९४३. मार्गशीर्षातली संध्याकाळ आणि ढालगावच्या अलीकडचा चढ.

मिरज-पंढरपूरच्या छोट्या गाडीवर तेव्हा एफ जातीची इंजिनं होती. अंगानं लहान, पण कामाला वाघ. लढाईमुळे सुटे भाग मिळेनात आणि रुळांवर वाळू सोडणाऱ्या नळ्या तुंबलेल्या. म्हणून ओल्या चढावर एक माणूस घमेलं घेऊन इंजिनाच्या पुढ्यात बसायचा, मूठमूठ वाळू रुळांवर सोडायचा. माथा आला की ड्रायव्हर दोन आखूड शिट्या द्यायचा. मग वाळू टाकणारा इंजिनाच्या बाजूच्या पट्टीवरून चालत आत यायचा.

ते काम सिद्धूचं. श्रावणात याच चढावर पाय घसरून तो चाकाखाली गेला.

त्यानंतर त्या जागेवर बसायला कुणी तयार होईना.

त्या संध्याकाळी गुंडा ड्रायव्हरची बायको राहीबाई पहिल्याच डब्यात कळा देत होती. पोर आडवं आलेलं. सोबत गुंडाची आई. मिरजेचा दवाखाना वेळेत गाठला तरच दोघं जगणार होती.

चढ लागला आणि अवकाळी पावसाची बुरबुर सुरू झाली.

चाकं घसरू लागली.

"जोतिबा, कोळसा टाक! गाडी थांबली तर राहीचं काय खरं न्हाई!"

"आप्पा, वाफ लय हाय," फायरमन जोतिबा रडकुंडीला आला होता. "चाकंच धरंनात!"

गाडी जागच्या जागी थरथरली...

आणि पुढून आवाज आला...

सर्र... सर्र...

वाळू पडत होती.

चाकांनी रूळ धरला. गाडी चढू लागली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

माथा आला. गुंडाचा हात सवयीनं वर गेला.

दोन आखूड शिट्या.

"आप्पा, ह्ये काय केलासा?" जोतिबा किंचाळला. "कुनाला बोलावलंसा?"

गुंडानं शिटीची दोरी झटक्यात सोडली.

बाजूच्या पट्टीवर पावलं वाजली... जवळ आली... दाराशी आली...

थांबली नाहीत.

मागे डब्याकडे गेली.

इंजिन सोडून जाता येईना. मिरजेपर्यंत गुंडा मागच्या डब्याकडे कान लावून बसला. बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं तोवरच त्याच्या जिवात जीव होता.

पोरगा झाला. दोघंही सुखरूप. दुसऱ्या दिवशी गुंडा खाटेपाशी बसला, तेव्हा राहीबाई म्हणाली, "आवं, गाडीत माझा हात धरून कोन बसलं हुतं? 'वैनी, भिऊ नगा,' म्हनत हुतं."

"आई आसंल."

"आत्याबाई उशाला हुत्या. ह्यो हात लय गार हुता..."

ती जरा थांबली.

"आत्ता बी हाय की. पोराच्या पायाशी बसलाय."

गुंडाला काहीच दिसलं नाही. पण तिथलं दुपटं दबलेलं होतं...

त्यानं हात जोडले. ज्यानं बायको-पोर वाचवलं त्याला 'जा' म्हणायला जीभ रेटेना. 'राहा' म्हणायची छातीही होईना.

पोरगा पुढे मिसरूड फुटण्याएवढा झाला. तरी गुंडानं त्याला एक रात्रही एकट्याला झोपू दिलं नाही.