न फिरणारी नजर

डोळे बारा टक्क्यांनी मोठे करायचे. त्याहून जास्त केले तर माणूस माशासारखा दिसतो.

ताईच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ आहे.

लाल बाणाच्या टोकाशी काही असलंच पाहिजे असं नाही.

पाचवीच्या मुलांनी फळ्यावर एक तोंड काढलं. आ वासलेलं, डोळे बटाट्याएवढे. खाली लिहिलं, 'आपल्या बाई'.

मी थंबनेल बनवते. म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी जे चित्र दिसतं, ते. चॅनेल घरगुती दुरुस्तीचं. गळका नळ, कुरकुरणारं दार, तुंबलेलं बेसिन. चॅनेलवाल्याचं म्हणणं असं, की लोक आपणहून आत येत नाहीत, कॉलर धरून ओढावे लागतात, आणि घाबरलेल्या बाईचं तोंड दिसलं की माणूस थांबतोच. गळक्या नळाला बघून कोण किंचाळतं, हे त्याला मी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मी ताईला माझ्या खोलीत उभं केलं. तिला घाबरण्याचं नाटक जमेना. तोंड उघडलं की हसू फुटायचं. चाळीस फोटो वाया गेले. शेवटी कॅमेरा डोळ्याला लावूनच मी म्हटलं, "ताई, हलू नकोस. माझ्या मागे कुणीतरी उभं आहे."

तिने माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

नंतर ती हसली नाही. मी चिडवलं तरी नाही.

तो एकेचाळिसावा फोटो दोनशे बारा व्हिडिओंवर लागला. ताई शाळेत शिकवते. आधी पोरं खुसखुसायची, मग वर्गात शिरताच तोंडं वासून बसायला लागली. मुख्याध्यापिकांनी तिला काही दिवस रजा घ्यायला सुचवलं. त्या दिवशी ताई माझ्याकडे आली, चप्पलही न काढता म्हणाली, "काढून टाक ते तोंड. माझं आहे ते."

मी चॅनेलवाल्याला विचारलं. तो चहात बिस्किट बुडवत होता.

"तुझी ताई म्हणजे आपली सोन्याची कोंबडी," तो म्हणाला. "कोंबडीला विचारून कुणी अंडी उचलतं का?"

तो हसला. मीही हसले. त्याच्यापेक्षा त्या माझ्या हसण्याचा संताप मला आजही जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळी चित्रं एकदम पडद्यावर मांडली. किती बदलावी लागतील ते बघायला. निम्म्या चित्रांत अक्षरं उजवीकडे होती, म्हणून तिथे मी ताईचा चेहरा आरशातल्यासारखा उलटा केला होता. तीळ बरोबर दुसऱ्या बाजूला गेला होता.

नजर गेली नव्हती.

मी एक चेहरा पुन्हा उलटा केला. तीळ इकडून तिकडे गेला. डोळे जिथे बघत होते तिथेच बघत राहिले. प्रोग्रॅमला शिव्या घातल्या. मग एका प्लंबरचा फोटो उलटा करून पाहिला. त्याची नजर मुकाट्याने फिरली.

दोनशे बारा ताया माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

खुर्ची सरकवली. तरी खांद्यावरूनच.

भीती नंतर आली. आधी आला तो रागच. माझ्या बहिणीला मी दोन वर्षं असं उभं करून ठेवलं होतं, नळ आणि बेसिनांसाठी.

चॅनेलचा पासवर्ड माझ्याकडे होता. मी कॅमेरा टेबलावर ठेवला, टायमर लावला, थेट भिंगात रोखून बघितलं. नाटक करावं लागलं नाही. अकरापासून पाचपर्यंत ताईचं एकेक तोंड काढून तिथे माझं लावलं. सव्वापाचला चॅनेलवाल्याचा फोन आला. कुणाला विचारून केलंस, म्हणून तो ओरडला.

"कोंबडीला विचारून," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

सहाला ताईचा फोन. आवाज हलका, लहानपणीसारखा. दुपारी गाढ झोप लागली म्हणाली. सोमवारपासून शाळेत जाते म्हणाली.

"गेला गं एकदाचा."

"कोण?"

"तू दाखवलेलास तो."

मी म्हटलं, ताई, ती थाप होती. तिथे कुणी नव्हतं.

मग पोरांना विचारावं तसं शांतपणे तिने विचारलं, "तू वळून बघितलं होतंस?"

मी पडद्याकडे पाहिलं.

मी भिंगात रोखून बघितलं होतं. सरळ.

दोनशे बारा चित्रांत मी सरळ बघत नव्हते. माझ्याच डाव्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

ताईचा तो फोटो काढताना, ती पूर्ण मावावी म्हणून, मी भिंतीला पाठ टेकून उभी होते.