काळा चिमटा बॉडीला

गाडी सुरू होत नाही म्हणून एवढं तोंड पाडून बसू नकोस रे. येईल मेकॅनिक. चार्जिंगची गाडी घेतलीस तेव्हा सगळ्या गावाची हवा शुद्ध करायला निघाला होतास, आता बस हवा खात! आणि तू गं, मोबाईलचा दिवा बंद कर, डोळ्यांत जातोय. तो येईपर्यंत एक सांगतो. ऐकीव नाही हां. माझ्या शेजाऱ्यावर ओढवलेलं आहे.

माझ्या टायरच्या दुकानाला लागून करंटचं दुकान होतं. आईबापांनी नाव काहीतरी चांगलं ठेवलं असेल, पण आम्ही सगळे त्याला करंटच म्हणायचो. बंद पडलेल्या गाड्या चालू करण्यात त्याचा हातखंडा. जवळ एक पेटी, पेटीला लाल आणि काळी केबल, टोकांना चिमटे. दिवसभर तोंडात एकच जप. ‘लाल बॅटरीला, काळा बॉडीला.’ लाल चिमटा बॅटरीला लावायचा, काळा गाडीच्या उघड्या पत्र्याला. पत्र्याला हे लोक बॉडी म्हणतात.

“कळलं काका, बॉडी म्हणजे पत्रा. पुढे सांगा.”

तुला कळलं गं. सगळ्यांना कळतं असं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्री साडेनऊला करंटने शटर ओढलं आणि फोन वाजला. गावाबाहेरच्या पिवळ्या घरातला थोरला भाऊ बोलत होता. धाकटा तीन महिन्यांपूर्वी न सांगता कुठेतरी निघून गेलेला. त्याची चार्जिंगची गाडी तेव्हापासून शेडमध्ये उभी.

“आत्ताच्या आत्ता या. सकाळी भावजय गाडी न्यायला येणार आहे.”

“मग सकाळीच येतो की. ताईंच्या समोर चालू करून देतो.”

“नको. मला आधी डिकी उघडायची आहे.”

करंट भला माणूस. पेटी उचलून गेला.

शेडमध्ये गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. पुढे जेमतेम माणूस उभा राहील एवढी जागा. या गाड्यांचं कसं असतं, तुला माहीत आहेच. चालायला खाली मोठी बॅटरी, आणि दारं, दिवे, कुलपं यांच्यासाठी वेगळी छोटी. छोटी मेली की मोठी असून उपयोग नाही. दारसुद्धा उघडत नाही. करंटने बंपरमागच्या दोन बारीक तारांना जराशी वीज दिली, तसं पुढचं झाकण टकदिशी उघडलं. पेटी काठावर ठेवून तो आत वाकला.

“डिकीत एवढं काय अडकलंय हो?” त्याने सहज विचारलं.

“जुनी चटई.”

“एका चटईसाठी माझी झोप मोडलीत? नवी घेऊन दिली असती की मी!”

थोरला हसला नाही.

करंटने लाल चिमटा बॅटरीला लावला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने गंजलेली पट्टी दाबून धरलेली. काळा चिमटा त्याने मागे न बघताच थोरल्याकडे सरकवला.

“धरा. हा बॉडीला लावा.”

थोरल्याने चिमटा नुसताच धरून ठेवला.

“अहो, बॉडीला...”

“बॉडी गाडीत नाहीये आता.”

...

आता.

करंटने पट्टी सोडली. तो वळला. हसायचा प्रयत्न केला. “बॉडी म्हणजे पत्रा हो, साहेब. गाडीचा पत्रा.”

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. चूक त्यालाही कळली होती. त्याने चिमटा सोडला. कोपऱ्यातला चाक खोलायचा पाना उचलला.

“कुणाला सांगणार नाही मी. आईशप्पथ...”

पहिला घाव डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज करंटने स्वतः ऐकला. डोकं वाचवायला त्याने उजवा हात वर केला. दुसरा घाव त्याच्यावर. तो हातही गेला. मग बरगड्या. मग पाठ. करंट भिंतीला घासत बाजूला कोसळला. कोपरांवर जोर येईना. हनुवटीने ओढत सरकायला लागला. मागून थोरला धापा टाकत बोलत होता. “तोही असाच सरकत होता. असाच...”

पाना पुन्हा वर गेला.

ठक.

डिकीतून.

थोरला थांबला.

ठक. ठक. आतून कुणीतरी मुठीने मारावं तसं. घाई नाही. दम नाही उरलेला, पण थांबायचंही नाही, असं.

“मेलास तू!” थोरला ओरडला. “मी स्वतः पुरलंय तुला!”

ठक.

आणि गाडीचे दिवे लागले. दोन्ही. पांढरे.

करंट जमिनीवरून बघत होता. काळा चिमटा बंपरपुढे लोंबत होता. कशालाच लागलेला नव्हता. वीज जायला वाटच नव्हती.

थोरला दिवे आणि भिंत यांच्यामध्ये उभा होता.

गाडी पुढे आली. आवाज नाही. या गाड्यांना आवाज नसतोच. आवाज आला तो त्याचा. गाडी मागे सरली. पुन्हा आली. मागे. पुन्हा. करंट सांगायचा, तिसऱ्यांदा किंकाळी नव्हती. नुसतं ओलं काहीतरी... जाऊ दे. त्यानंतर त्याची शुद्ध हरपली.

“आणि धाकटा?”

घरामागे, पाण्याच्या टाकीमागे पुरलेला सापडला. डिकीतल्या चटईवर रक्त वाळलेलं. झाकणाला आतून ओरखडे. म्हणजे डिकीत टाकलं तेव्हा तो जिवंत होता. सकाळी भावजय आली, तिनेच शेडचं दार उघडलं. पोलिसांबरोबर गाड्यांतला जाणकार माणूस आला होता, त्याने गाडी तपासली. मोठी बॅटरी रिकामी. छोटी मेलेली. चाकं जाम. चार माणसांनी ढकललं तेव्हा थोरल्याला बाहेर काढता आलं.

“करंटवर नाही आला संशय?”

कसा येईल? दोन्ही हात कोपरापासून लोंबत होते. हनुवटीने सरकत जिथवर गेला, तिथेच भिंतीशी पडला होता. आजही त्याला पाण्याचा पेला धरता येत नाही. पण त्याला झोप लागत नाही ती हातांमुळे नाही. पोलिसांनी त्याला विचारलं, तुझी पेटी तू कशी लावली होतीस? तो म्हणाला, लाल लावला होता. काळा राहिला होता.

“मग?”

लाल होता तिथेच होता. बॅटरीला.

...

“काका? आणि काळा?”

थोरल्याच्या कानाच्या पाळीला. दात आरपार रुतलेले. अगदी नीट लावलेला.

बॉडीला.