आठवा लूप

दुपारचे तीन वाजले होते आणि धाकटीला वाटत होतं, काम फार तर अर्ध्या तासाचं. तसं ते होतंही. हॉस्पिटलमधल्या श्वासाच्या मशीनवर जी सिस्टिम चालते, तिची इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टिमचं एकच गाठोडं, नव्याने बांधून पाठवायची. सकाळच्या अपडेटने सगळी मशीनं आडवी पाडली होती, आणि वॉर्डात सिस्टर मंडळी हाताने फुगे दाबून पेशंटना श्वास देत होत्या.

"हात भरून आलेत हो सगळ्यांचे," मोठ्या सिस्टरने फोनवर सांगितलं. "पाचपर्यंत होईल ना, मॅडम?"

"चारलाच देते," धाकटी म्हणाली. बोलून तर बसली.

पण बांधणी अर्ध्यात येऊन बंद पडायची. तक्रार एकच: मोकळा लूप नाही. आता लूप म्हणजे काय बुवा, तर कॉम्प्युटरसाठी ठोकलेली खुंटी. तिच्यावर एखादी फाइल अडकवायची आणि त्याला सांगायचं, हिलाच डिस्क समज. काम झालं की उतरवायची. बांधणी मध्येच फसली की फाइल तशीच लटकत राहते, आणि या कॉम्प्युटरवर खुंट्या आठच.

धाकटीने भराभर सात उतरवल्या. आठवीवर नजर गेली आणि तिचा हात थबकला. फाइल दादाची होती. पुढे लिहिलं होतं, पुसलेली.

दादा आठ महिन्यांपूर्वी गेला, त्याच हॉस्पिटलात. त्याची खुर्ची, त्याचा हा कॉम्प्युटर, त्याचं काम, सगळं हिच्याकडे आलं. कॉम्प्युटर एकदाही बंद करायला तिचं मन धजावलं नव्हतं. आणि पुसलेली फाइल खुंटीवर असते तोवरच जगते. उतरवली, की गेली कायमची.

असू दे बापडी, सात पुरेत, असं म्हणून तिने पुन्हा बांधायला घेतलं. पुन्हा तीच तक्रार. यादी काढली तर आठही भरलेल्या, आणि आठांवरही दादाचीच फाइल.

तिने सात उतरवल्या. त्या आपोआप परत भरल्या. पुन्हा उतरवल्या, पुन्हा भरल्या. ती उठली, दारापर्यंत गेली, परत येऊन बसली. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. दादाला बारमाही सर्दी, रुमालावर तेल ठरलेलं. खिडकी तर बंद होती.

शेवटी तिने त्या फाइलीत डोकावलं. आत एकच वही होती. तिच्यात दर काही सेकंदांनी एक ओळ वाढत होती. वेळ आजची, आत्ताची. पुढे तेच तेच शब्द: काम चालू आहे. काम चालू आहे.

फोन वाजला. "मॅडम, एका आजींचे ओठ निळे पडायला लागलेत… जरा घाई करा."

आठवी खुंटी मोकळी करायचा हुकूम तिने टाइप केला. बोट एंटरवर ठेवलं, तेवढ्यात वहीत नवी ओळ उमटली.

ठकू, थांब.

तिला ठकू म्हणणारा एकच माणूस होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"दादा… तिकडे माणसं आहेत रे," ती हळूच म्हणाली, आणि तिने बोट दाबलं.

आठही खुंट्या मोकळ्या झाल्या. इमेज अकरा मिनिटांत बांधून झाली. नेहमीपेक्षा थोडी जड निघाली, हे तिने पाहिलं. पण उकलून बघायला वेळ कुणाला होता? तिने पाठवून दिली.

चार वाजून दहा मिनिटांनी सिस्टरचा फोन आला. "सगळी चालू झाली हो. आजींचा रंगही परत आला. देव भलं करो तुमचं."

धाकटीने डोळे पुसले. पलीकडून फोन ठेवला जाईना.

"एक विचारायचं होतं," सिस्टरने आवाज खाली आणला. "कोपऱ्यातली खाट रिकामी आहे. तिथलं मशीन आम्ही कुणाला लावलेलं नाही. पण ते म्हणतंय, पेशंट आपला आपण श्वास घेतोय…"

"बिघाड असेल."

"मलाही तेच वाटलं. म्हणून नळीच्या तोंडाशी हात धरला… ऊब लागते हो, मॅडम."

धाकटीने खुंट्यांची यादी पुन्हा काढली. आठही मोकळ्याच होत्या.

"मॅडम… बंद करू का?"