गॅलरीतून लॉक

आधीच सांगते, हे घडलेलं आहे.

मला गोष्टी रचता येत नाहीत. रचता आल्या असत्या तर मी रात्र निवडली असती, वीज घालवली असती, दोन-चार कुत्री रडवली असती. इथे तसलं काही नाही. रविवारची टळटळीत दुपार, चार मजली बिल्डिंग आणि खाली उन्हात उभी असलेली एक पांढरी गाडी. बस्स.

गाडी माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याची. त्या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर तोंडात एकच वाक्य, "श्वास रोखा... सोडा." दाजी म्हणायचे, "आमच्या बायकोच्या परवानगीशिवाय गावात कोणी श्वास घेत नाही!"

गाडी तशी गुणाची होती. खोड एकच, रिमोटची किल्ली.

किल्ल्या दोन. दोन्ही लहरी.

दाजी संध्याकाळी गाडी लावायचे, बटण दाबायचे. काही नाही. किल्ली हनुवटीखाली धरून दाबायचे, कोणीतरी शिकवलेली युक्ती. तरी काही नाही. मग ते खालून वर हात करायचे. कडेवरची त्यांची लेक, छकुली, तीही हात करायची. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत ताई दुसरी किल्ली घेऊन हसत उभीच. ती हनुवटीखाली धरायची, दाबायची...

टिक-टिक.

गाडी लॉक. जवळच्याचं ऐकायचं नाही आणि लांबच्याचं ऐकायचं, घरातल्या पोरांसारखं!

मी एकदा म्हटलं, "दाजी, एवढा पगार घेता, किल्ली का नाही बदलत?"

"वेडी का काय तू? तेवढ्यासाठी तरी ती रोज गॅलरीत येऊन माझी वाट बघते. किल्ली सुधारली तर मला कोण विचारतंय!"

आणि एक दिवस ध्यानीमनी नसताना दाजी गेले.

ऑफिसच्या जिन्यात दम लागला म्हणून बसले, ते उठलेच नाहीत.

ताईच्या भावाने गाडी घरी आणून लावली. दाजींची किल्ली तिच्या हातात ठेवली. तिने ती फ्रीजवर ठेवली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

ती रडली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

आम्ही सगळ्या तिच्यामागे लागलो. "रड गं बाई, मोकळी हो." ती म्हणायची, "हो." आणि भांडी आवरायला लागायची. सुट्टी संपल्यावर कामाला लागली. श्वास रोखा, सोडा. छकुलीची वेणी घाल, डबा भर, शाळेत सोड. सगळं वेळच्या वेळी. पण जेवताना भाजीत मीठ नसलं तरी तिला कळायचं नाही. मला एकदा म्हणाली, "हात दाबून झोपलं की कसा बधिर होतो? तसं झालंय गं. सगळ्या अंगाला."

पोर होती म्हणून ती उठत होती. तिला बिलगून राहिलेलं तेवढंच एक उरलं होतं, दुसरं काही नाही.

मग ते सुरू झालं...

दिवेलागणीची वेळ. ताई स्वयंपाकघरात. खालून आवाज आला.

टिक.

गाडी अनलॉक झाली की एकदाच वाजते. ताईने गॅलरीतून पाहिलं. गाडीचे दिवे लुकलुकत होते. जवळ कोणी नव्हतं.

तिने आपली किल्ली घेतली, हनुवटीखाली धरली, लॉक केलं. आत येऊन आमटी ढवळली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दाजींच्या येण्याच्या वेळेला.

मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"नाही गं. काहीच नाही वाटलं. लॉक करायचं, एवढंच डोक्यात."

गॅरेजवाला म्हणाला, "ताई, किल्लीचं बटण आतून दाबलं जात असेल. एकीचा सेल काढून ठेवा. आणि ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप गंजलंय, किल्ली घालून उघडणार नाही. रिमोटवरच भिस्त आहे तुमची. बदलून घ्या."

"घेते," ताई म्हणाली. घेतलं नाही.

तिने आपल्या किल्लीचा सेल काढला. वाया कशाला घालवायचा म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात बसवला. रिकामी किल्ली कपाटात, मोज्यांच्या खाली. दाजींची फ्रीजवर.

त्या संध्याकाळी आवाज आला नाही.

पुढचे काही दिवसही नाही. ताईला वाटलं, संपलं. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

मग तो रविवार...

जेवणं झाली. छकुली म्हणाली, "आई, मी खाली खेळू?" ताई "शेडमध्येच खेळ" म्हणाली आणि आतल्या खोलीत जरा पडली.

अर्धवट झोपेत तिला आवाज आला.

टिक...

थोड्या वेळाने...

टिक-टिक.

ती पडूनच राहिली. अंग हलेना. स्वप्न असेल असं वाटलं.

जाग आली ती शांततेने. खाली पोरं खेळत असली की कालवा असतो. आता काही नव्हतं. चेंडूचा आवाज नाही. छकुलीचं गाणं नाही.

"छकुले?"



ताई गॅलरीत आली. शेड रिकामी. उन्हात गाडी. आणि मागच्या काचेला... आतून टेकलेलं एक डोकं. दोन वेण्या.

ताईच्या काळजाचं पाणी झालं. किती दिवसांनी तिला काहीतरी वाटलं, आणि वाटलं ते हे.

फ्रीजवरची किल्ली घेऊन, दार उघडं टाकून ती अनवाणी धावली.

बटण दाबलं. काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही.

काच हाताला चटका देत होती. छकुली मागच्या सीटवर, बेल्ट लावलेली, घामाने भिजलेली, मान कलंडलेली. मागच्या दारांना दाजींनीच आतून न उघडण्याची सोय करून ठेवली होती, पोर धावत्या गाडीत दार उघडेल म्हणून.

"छकुले! ए सोन्या! डोळे उघड!"

हलली नाही.

खालच्या मजल्यावरचे मास्तर आरडाओरडा ऐकून बाहेर आले. त्यांनी आत पाहिलं आणि "हातोडी आणतो!" म्हणत घरात पळाले. ताई काचेवर मुठी मारत होती. किल्ली हनुवटीखाली धरून दाबत होती. श्वास रोखलेला, सोडायचा ती विसरली होती.

आणि मग तिने... का, ते तिलाही सांगता येत नाही... वर हात केला.

दाजी करायचे तसा. आपल्या गॅलरीकडे.

एक क्षण काहीच नाही.

टिक.

दार उघडलं. तिने पोरीला ओढून बाहेर काढलं. मास्तर हातोडी घेऊन आले ते पाणी आणायला परत पळाले. तोंडावर पाणी मारल्यावर छकुलीने डोळे उघडले, आणि "आई, गरम होतंय," म्हणाली.

ताई तिथे जमिनीवर बसली आणि रडली. सगळी बिल्डिंग गोळा होईपर्यंत रडली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. मास्तरांच्या बायकोने तिला धरून वर आणलं.

वर...

मोज्यांखाली ठेवलेली किल्ली गॅलरीच्या कठड्यावर होती.

तुम्ही म्हणाल, दार उघडं होतं, कोणी आत गेलं असेल. असेल बाई. पण ताईने मास्तरांच्या बायकोसमोर किल्लीचं झाकण उघडलं. आत सेल नव्हता. सेल वजनकाट्यातच होता. काट्यावर बोट ठेवलं तर आकडे हलत होते.

मलाही वाटलं, दाजीच. वाचवली लेकीला. ताईही तसंच म्हणायला लागली होती. चेहऱ्यावर जरा जीव आला होता तिच्या.

पण रात्री छकुलीला कुशीत घेऊन तिने विचारलं, "सोन्या, तू गाडीत गेलीसच कशाला?"

"दार उघडलं ना आपोआप. मी बसले. दार ओढून घेतलं. बेल्ट लावला. मग तुला हात केला."

"मला?"

"हो. तू गॅलरीत होतीस ना! बाबांची वाट बघत. मी हात केला, मग तू किल्ली अशी इथे धरलीस..." पोरीने आपल्या हनुवटीखाली बोट लावलं. "आणि लॉक केलंस. मी किती हाका मारल्या, आई. तू नुसती हसत होतीस."

दाजी गेल्यापासून ताई एकदाही हसलेली नाही. आम्ही सगळे साक्षी आहोत त्याला.

गाडी आता नाही. गॅलरीचं दार ताईने आतून खिळे ठोकून बंद केलंय, कपडे खोलीत वाळत घालते. छकुलीला क्षणभर नजरेआड करत नाही. बरी आहे तशी. कधीकधी रडते, ते चांगलंच.

पण मी गेले की एकदा तरी तिचा हात माझ्या मनगटावर येतो आणि ती हळूच विचारते,

"मी त्या दुपारी आतल्या खोलीतच होते ना गं?"

मी "हो" म्हणते.

पण मी कुठे होते तिथे.