वरचा बांध, खालचा बांध

अख्खा ओहोळच कुणी उचलून नेला की काय, असं वैष्णवीला वाटलं. गेल्या रविवारी तिने आणि तिच्या शाळेच्या सेवा मंडळातल्या बत्तीस पोरापोरींनी इथे वनराई बंधारा घातला होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती, वरून चिखलाचं लिंपण. तेव्हा चांगलं पोटरीभर पाणी वाहत होतं. आणि आज गुरुवारी बंधाऱ्यामागे काय, तर ओली वाळू आणि एक बेडूक.

वणी रस्त्यालगतच्या या वस्तीवर मंडळ आणायचा हट्ट तिचाच. नाशिकच्या शाळेत विज्ञान शिकवणारी पंचवीस वर्षांची मॅडम, उत्साह नुसता ऊतू जात होता. महिन्यापूर्वी ती पहिल्यांदा आली, तेव्हा वस्तीवरच्या गोजराबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं.

"लय आले तुमच्यावाणी," म्हातारी म्हणाली होती. "फोटो काढायचा अन् जायचं. पाणी काय दिसत नाय."

झालं, मॅडमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यंदा पाणी अडणार, माझा शब्द, असं ती बोलून बसली. आणि त्या शब्दावर विसंबून गोजराबाईंनी कांद्याचं बी टाकलं. आता वाफ्यात बोटभर रोप डोलत होतं, आणि आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर ते करपणार, हे सांगायला विज्ञानाची मॅडम लागत नव्हती.

चप्पल हातात घेऊन वैष्णवी ओहोळातून वर चालत निघाली. पेरूची बाग ओलांडून वळण घेतलं आणि जागच्या जागी थांबली. समोर तुडुंब भरलेलं पाणी. ते अडवणारा, तिच्या बंधाऱ्यासारखाच बंधारा, पण दुप्पट उंच, मेणासारखा गुळगुळीत लिंपलेला. आणि गुडघाभर चिखलात उभा राहून, शीळ घालत, अंगठ्याने शेवटची फट बुजवणारा एक उंच तरुण.

तिला बघताच तो गडबडीने वर आला. हात पॅन्टला पुसले, पॅन्टची पार वाट लागली. "मॅडम, तपासणी रविवारी होती ना?" त्याने विचारलं. शाळांच्या सेवाकार्याची तपासणी समिती म्हणजे हीच, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. वैष्णवीनेही ती मोडली नाही. मग काय, स्वारी सुटली. ओझरकडच्या शाळेत तो गणित शिकवतो, नाव अमोल निकम, त्याच्या हरित क्लबच्या पोरांनी हे काम तीन दिवसांत केलं, आतून प्लास्टिकचा कागद लावला, वरच्या वस्तीवरच्या गोटीरामदादांच्या गुरांना आता उन्हाळ्यापर्यंत बघायला नको.

"थेंब गळत नाही, मॅडम," तो अभिमानाने म्हणाला.

"ते कळलं मला," वैष्णवी गोड हसून म्हणाली. "मी खालच्या बंधाऱ्याची."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग असा भराभर उतरला, की तिचा अर्धा राग तिथेच विरघळला. वरच्या वस्तीवर एक शाळा आली, खालच्या वस्तीवर दुसरी. मध्ये वळण, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. आणि जादा पाणी खाली जायला सांडवा ठेवायचा असतो, हे या गणिताच्या सरांना उत्साहाच्या भरात सुचलंच नव्हतं.

"आते काय करानं..." तो पुटपुटला. सटाण्याकडचा होता. गडबडला की अहिराणी बाहेर पडायची.

तिने रोपाची गोष्ट सांगितली. बंधारा फोड म्हणावं, तर गोटीरामदादांची गुरंही खोटी नव्हती. अमोल बराच वेळ काडीने चिखलात रेघोट्या ओढत बसला. मग म्हणाला, आमच्याकडे फडाचं, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक पाटाचं पाणी पाळीने फिरतं, कुणी भांडत नाही. बंधाऱ्यातून एक पाइप काढू, त्याला गोणपाटाचा बोळा. तीन दिवस बोळा लावलेला, पाणी वर. तीन दिवस काढलेला, पाणी खाली.

"आणि दर तीन दिवसांनी हा बोळा काढायला-लावायला कोण येणार?"

"आपण," तो म्हणाला. मग कान लाल करत त्याने खुलासा केला. एकाने वर थांबायचं, एकाने खाली, पाणी पोचलं का बघायला. दोघं लागतातच. या हिशेबात वैष्णवीला काहीतरी जास्तीचं दिसत होतं, पण ती गणिताची नव्हती. तिने तो मान्य केला.

शनिवारी दोन्ही शाळांच्या पोरांनी मिळून पाइप बसवला. संध्याकाळी पोरं गाडीत बसली, वैष्णवी मात्र खालच्या बंधाऱ्यापाशी फोन कानाला लावून उभी राहिली. बोळा काढून वीस मिनिटं झाली होती. आलं का, वरच्या बंधाऱ्यावरून अमोलने विचारलं. नाही. आता? नाही. बाजूला गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, चेहऱ्यावर 'मी म्हटलंच होतं' असं स्वच्छ लिहिलेलं. आणि मग वाळकी पानं पुढे ढकलत, चाचपडत, पाण्याची एक बारीक धार वळणावरून आली...

"आलं," ती हळूच म्हणाली.

पलीकडून त्याने फोन ठेवला नाही. पाणी गोण्यांना टेकेपर्यंत दोघं तसेच, एकमेकांचा श्वास ऐकत. गोजराबाईंनी वाकून ओंजळ बुडवली, तोंडावर पाणी मारलं आणि रोपाकडे चालू लागल्या.

तपासणी झाली, दोन्ही शाळांना प्रमाणपत्रं मिळाली. पाळ्या सुरूच राहिल्या. थंडी कडक पडली. तो मीठ-तिखट लावलेला पेरू आणायचा आणि मोठी फोड तिच्यापुढे सरकवायचा. ती त्याच्या माकडटोपीला हसायची. तो पुढच्या पाळीला मुद्दाम तीच घालून यायचा. सेवा मंडळाची सचिव, नववीतली साक्षी, एकदा भर वर्गात विचारती झाली, मॅडम, आज पाळी वरची की खालची? मागच्या बाकावर खसखस पिकली.

पण वैष्णवीच्या मनात एक काटा होता. तिसऱ्याच पाळीला गोजराबाईंनी तिला सांगून टाकलं होतं, की बोळ्याची काळजी करू नका. मी खालून हाळी देते, गोटीराम वरून काढतो, आमचं आम्ही बघतो. म्हणजे यायची गरजच नव्हती. हे तिने अमोलला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तो कशाला येईल? आणि न सांगावं, तर आपण त्याला फसवतोय. रोज रात्री ठरवायची, सकाळी धीर सुटायचा.

जानेवारीत कांद्याची लागण झाली. महिन्याभरात वीस गुंठे हिरवेगार. वैष्णवीचा शब्द खरा झाला होता, आता बहाणाही संपत आला होता. एका संध्याकाळी वरच्या बंधाऱ्यावर बसून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. मग मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

अमोलने एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "गोटीरामदादांनी दुसऱ्याच पाळीला सांगितलं."

तिने झटकन वर पाहिलं. "मग... इतक्या लांबून पेट्रोल जाळत का येत होता?"

"तुम्ही का येत होता?"

"मी आधी विचारलं."

त्याने टोपी काढली, हातात चुरगळली, पाण्याकडे बघितलं, पेरूच्या बागेकडे बघितलं. गणिताचे सर, पण उत्तर काही सुटेना. मग एकदम म्हणाला, "वैष्णवी... तू माले आवडस."

पहिल्यांदाच 'मॅडम' गळालं होतं. तिला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणीच आलं. तिने त्याच्या हातातली टोपी घेतली, नीट झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली.

"मलाही," ती म्हणाली. "टोपी सोडून सगळं."

मागे कुणीतरी खाकरलं. कांद्याच्या पहिल्या पातीची जुडी घेऊन गोजराबाई बांधावर उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पदर सारखा केला आणि त्या दोघांच्या मधोमध येऊन बसल्या.

"काढा आता एक फोटो," म्हातारी म्हणाली. "पण काढून जायचं नाय."